पाऊस थांबल्यावर ज्वारी कशावर जगते? माती, पान आणि कातडीतल्या बारीक छिद्रांबद्दल

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरतात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसावर. त्यानंतर आभाळ मोकळं होतं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, बहुतेक वर्षी पावसाचं नाव नाही, कॅनॉल लांब, कितीतरी रानांत विहीरसुद्धा नाही, आणि तरी फेब्रुवारीत तिथं माणसाच्या डोक्यावर जाईल असं पीक उभं असतं, कणसं गच्च भरलेली. एवढे दिवस ते पीक पितं काय? पाणी त्याच रानात असतं, पण डबकं करून नाही. मातीच्या कणाकणांमध्ये बारीक बारीक छिद्रं असतात ना, त्यात ते धरून ठेवलेलं असतं, आणि छिद्र इतकं बारीक की गुरुत्वाकर्षणालाही ते पाणी खाली ओढून नेता येत नाही.

आपल्याकडं पाण्यावर बोलणं रोजचंच. उजनी धरण किती टक्क्यांवर आलं, टँकर कधी येणार, अमक्याच्या बोअरला किती फुटावर लागलं. पण पाणी शेवटी ज्यातून जातं, ज्यात थांबतं आणि ज्यातून उडून जातं ती छिद्रं मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाहीत, आणि मला मनापासून वाटतं की ती कळली तर माती, झाड, जनावर आणि आपलं स्वतःचं अंग या सगळ्यांतल्या कितीतरी गोष्टी आपोआप उलगडतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, शाळेतलं विज्ञान विसरला असाल तरी चालेल.

कुठलंही छिद्र समोर आलं की दोन प्रश्न विचारायचे. ते केवढं आहे, आणि त्याला दार आहे का. माती आणि दगडातल्या छिद्रांना दार नसतं, तिथं सगळा खेळ आकाराचा. सजीवांच्या बऱ्याच छिद्रांना दार असतं, आणि ते दार कधी उघडायचं कधी लावायचं यावर जगणं-मरणं ठरतं.

आधी माती घेऊ. एक घनफूट भारी काळी माती उचलली तर त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त जागा माती नसतेच, मोकळी असते. वाळूत ही मोकळी जागा साधारण ३५ ते ४० टक्के, चिकणमातीत ५० ते ६० टक्के. हे उलटं वाटतं, कारण वाळूतून पाणी सरसर निघून जातं आणि काळ्या रानात पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाय टाकता येत नाही. पण एकूण मोकळी जागा किती ही एक गोष्ट, आणि एकेक छिद्र केवढं ही वेगळी गोष्ट. वाळूत छिद्रं कमी आणि मोठी, काळ्या मातीत छिद्रं असंख्य आणि अतिबारीक.

आता बारीक छिद्रात पाणी का अडकतं? पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात आणि मातीच्या कणालाही चिकटतात, त्यामुळं अरुंद जागेत चारी बाजूंनी पकड बसते. काचेची २ मिलिमीटर व्यासाची नळी पाण्यात उभी धरली तर पाणी आपोआप साधारण दीड सेंटिमीटर वर चढतं. तीच नळी शंभरपट बारीक केली तर दीड मीटर. पंप नाही, वीज नाही, नुसती बारीक जागा.

मातीत या हिशोबानं तीन प्रकारची छिद्रं पडतात. साधारण ३० मायक्रॉनच्या वरची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो), त्यातून पाणी एक-दोन दिवसांत खाली निघून जातं आणि तिथं हवा शिरते. ३० ते ०.२ मायक्रॉनच्या मधली, यातलं पाणी जमीन धरून ठेवते पण मूळ ते ओढून घेऊ शकतं. आणि ०.२ मायक्रॉनच्याही खालची, यातलं पाणी मातीनं इतकं घट्ट पकडलेलं असतं की पीक वाळून मरेल पण ते सोडवता येणार नाही. म्हणजे सगळं पीकपाणी त्या मधल्या छिद्रांवर. मीटरभर खोल भारी जमिनीत पिकाला मिळू शकेल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावतं, म्हणजे रानभर अर्धा-पाऊण फूट पाणी उभं केल्यासारखं, आणि मालदांडी ज्वारीची मुळं मीटरच्याही खाली जाऊन ते उपसतात. मोहोळला निवडून काढलेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षं टिकून आहे ती याच सवयीमुळं, ती खोल जमिनीतल्या ओलीवर जगायला शिकलेली ज्वारी आहे. मुरमाड हलक्या रानात तीच पेरून बघा, डिसेंबरातच माना टाकते.

माझे काका रानात उतरायच्या आधी मूठभर माती उचलून दाबून बघायचे आणि म्हणायचे, "वापसा आलाय का बघ आधी, मग बैल जुंप." लहानपणी वाटायचं की रान जरा सुकलं एवढंच ते बघतात. पण वापसा म्हणजे मोठी छिद्रं रिकामी होऊन त्यात हवा आलीय आणि मधली छिद्रं अजून पाण्यानं भरलेली आहेत अशी स्थिती. मुळांना पाणी लागतं तसा ऑक्सिजनही लागतो, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या मानानं साधारण दहा हजार पट हळू सरकतो. त्यामुळं सगळी छिद्रं पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात, आणि शेतकरी बघतो की पाणी भरपूर दिलंय तरी डाळिंब पिवळं पडतंय, मग तो अजून पाणी सोडतो. ड्रिपवर पैसे खर्च करून रोज तासन् तास चालू ठेवणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, झाडाला वापसा हवाय, चिखल नको.

काळ्या मातीची अजून एक खोड, ती फुगते आणि आकसते. तिच्यातल्या चिकणमातीच्या खनिजाच्या थरांमध्येच पाणी शिरतं, म्हणून भिजली की फुगून छिद्रं बंद करते आणि वाळली की भेगाळते. एप्रिल-मेमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, मीटरभर खोल. पहिला जोराचा पाऊस या भेगांतून थेट तळाला जातो, फायदाच आहे. पण त्याच भेगा डिसेंबरात उभ्या पिकात पडल्या तर मुळं तोडतात आणि खालची ओल हवेत उडवतात. म्हणून कोळपणी. वरची दोन-तीन इंच माती मोकळी केली की भेगा बुजतात आणि खालून वर पाणी चढवणारी बारीक छिद्रांची सलग वाट मध्येच तुटते, पाणी खालीच राहतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जे म्हणतात ते असं खरं आहे, आणि ते म्हणणाऱ्यांनी मायक्रॉन कधी मोजला नव्हता.

याच्या उलट काम कुठं होतं तर ओल्या रानात ट्रॅक्टर घातल्यावर. दाबानं सगळ्यात आधी मोठी छिद्रं मरतात, म्हणजे हवेची आणि निचऱ्याची. वरून रान भुसभुशीत दिसतं पण फूटभर खाली कडक थर बसलेला असतो, मुळं तिथं आडवी वळतात. आणि उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाणी सोडून रान चोपण होतं, त्यातही छिद्रांचाच प्रश्न आहे. निचरा नसला की क्षार साठतात, त्यात सोडियम वाढला की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगतात आणि जाऊन छिद्रांत बसतात. मग वर पाणी, खाली कोरडं. जिप्सम टाकतात कारण त्यातला कॅल्शियम सोडियमला बाजूला सारतो, कणांचे परत गठ्ठे होतात आणि गठ्ठ्यांमध्ये वाट मोकळी होते. पण चर काढून निचरा केला नाही तर सुटलेला सोडियम तिथंच राहतो, नुसत्या जिप्समवर भागत नाही. शेणखत, पालापाचोळा, गांडूळ यांचं कामही निम्मं हेच, मातीचा रवा बांधायचा आणि वाटा करायच्या.

मातीच्या खाली दगड. आपला सगळा जिल्हा लाव्हाच्या थरांवर बसलाय, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुडे होऊन वर आले आणि काही तिथंच अडकले, म्हणून काही दगड भोकाभोकांचे दिसतात. आता गंमत बघा, भोकं भरपूर आहेत म्हणून तिथं विहिरीला पाणी लागेल असं नाही. भोकं एकमेकांना जोडलेली नसतील तर पाणी एकातून दुसऱ्यात जाणार कसं? छिद्रं असणं आणि छिद्रं जोडलेली असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यातून बऱ्याच भोकांत नंतर पांढरी खनिजं भरून बसलीत, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या खडकात ती दिसतात. आपल्याला पाणी मिळतं ते मुख्यतः झिजलेल्या मुरमात, दगडांच्या सांध्यांत, चिरांत आणि दोन थरांच्या मधल्या जागेत. म्हणून एका बोअरला तीन इंची पाणी आणि शंभर फुटांवर दुसरा कोरडा, यात नशीब-बिशीब काही नाही, एकाला चीर सापडली, दुसऱ्याला नाही.

त्या पांढऱ्या खनिजांत झिओलाइट नावाचा एक गट आहे, त्यांच्या स्फटिकातच रेणूच्या मापाची छिद्रं असतात. माणसानं तशीच झिओलाइट कारखान्यात बनवली, आणि २०२१ साली घराघरांत जी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची मशीन आली त्यात तीच भरलेली होती. हवा दाबानं त्यातून सोडली की नायट्रोजन छिद्रांत पकडून ठेवला जातो आणि ऑक्सिजन पुढं येतो. नुसत्या छिद्रांच्या जोरावर माणसं वाचली.

आता दाराची छिद्रं. मुळापर्यंत पाणी आलं, पुढं काय? पेशीभोवतीचा पडदा तेलकट असतो, पाणी त्यातून सहज जात नाही. तरी पेशी भराभर पाणी घेतात, हे कोडं बरीच वर्षं होतं. पीटर ॲग्रे यांनी पडद्यातलं पाण्याचं छिद्र शोधलं, ॲक्वापोरिन, आणि त्यासाठी त्यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे एका प्रथिनाचं छिद्र, सगळ्यात अरुंद जागी पाण्याच्या एका रेणूएवढंच, म्हणजे रेणू एकामागून एक रांगेतच जाणार. तरी एका छिद्रातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू जातात, आणि मीठ आत शिरत नाही. हेच ॲक्वापोरिन आपल्या किडनीतही आहे. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळते आणि त्यातलं दीडएक लिटर सोडून बाकी सगळं परत घेते. उन्हातानात हिंडून पाणी कमी पडलं की मेंदूतून एक संप्रेरक सुटतं, ते किडनीच्या नळ्यांमधल्या पेशींना सांगतं की अजून छिद्रं बसवा, आणि पेशी आतल्या साठ्यातली तयार ॲक्वापोरिन आणून पडद्यात लावतात. मग जास्त पाणी परत घेतलं जातं आणि लघवी गडद पिवळी होते. मे महिन्यात ती पिवळी दिसली तर समजा, शरीरानं पाणी वाचवायला जादा छिद्रं कामाला लावलीत, तुम्ही तांब्याभर पाणी प्या.

आणि पान. इथं मी जरा थांबणार आहे कारण निसर्गातलं सगळ्यात हुशार छिद्र मला विचाराल तर पर्णरंध्र.

पानाच्या कातडीवर मेणाचा थर असतो, त्यातून पाणी फारसं बाहेर जात नाही. पण झाडाला अन्न करायला कार्बन डायऑक्साइड हवा, आणि तो हवेत किती तर दहा हजार रेणूंमागं जेमतेम चार. तो आत घ्यायला दार उघडावंच लागतं, आणि दार उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतं, कारण पानाच्या आत पूर्ण दमट आणि बाहेर सोलापूरची कोरडी हवा. हा सौदा झाडाला दिवसभर करावा लागतो आणि महागात पडतो, मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी याच वाटेनं उडून जातं.

एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी शंभर ते तीनशे छिद्रं सहज असतात. पूर्ण उघडी असली तरी सगळी मिळून पानाची जेमतेम एक-दोन टक्के जागा, पण तेवढ्यातून जाणारी वाफ अख्ख्या पानाएवढ्या उघड्या पाण्यावरून उडणाऱ्या वाफेच्या निम्म्यापर्यंत जाते. हे कसं शक्य आहे? ब्राऊन आणि एस्कोम्ब या दोघांनी १९०० साली याचा उलगडा केला. गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी एका मोठ्या गेटातून बाहेर पडताना बघितलीत का, कडेची माणसं पटकन बाजूला पांगतात, मधली अडकून राहतात. वाफेच्या रेणूंचंही तसंच, छिद्राच्या कडेचे रेणू बाजूला पसरून लवकर निघतात. एका मोठ्या भोकाऐवजी तेवढ्याच जागेची हजारो बारीक भोकं केली की कडाच कडा वाढते आणि वाहतूक कितीतरी पट होते. हवा आत यायलाही हाच फायदा.

दार चालतं कसं ते ऐका. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी. सकाळी उजेड पडला की त्या पोटॅशियम आत ओढतात, त्याच्यामागं पाणी येतं, पेशी फुगतात. त्यांची छिद्राकडची भिंत जाड आणि बाहेरची पातळ, त्यामुळं फुगल्यावर त्या धनुष्यासारख्या वाकतात आणि मध्ये फट पडते. जमीन कोरडी पडायला लागली की झाडात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं, ते रक्षक पेशींना पोटॅशियम सोडायला लावतं, पाणी निघून जातं, पेशी ढिल्या पडतात, दार बंद. पोटॅश कमी पडलेलं पीक उन्हात लवकर मान का टाकतं, याचं एक कारण इथं आहे. भर दुपारी दीड-दोनला कोरड्या वाऱ्यात बरीच झाडं थोडा वेळ दार ओढून घेतात. पाणी वाचतं, पण तेवढा वेळ अन्न बनणं मंदावतं आणि पान तापतं, कारण पानाला गार ठेवणारी वाफही थांबली.

या सौद्यात सगळी झाडं सारखी नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू अन्नात बांधायला डाळिंब, हरभरा, तूर यांसारखी झाडं पाण्याचे साधारण ४०० रेणू गमावतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस हे सी-फोर गटातले, त्यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी एकवटून मग वापरायची सोय आहे, त्यामुळं दार किलकिलं ठेवलं तरी भागतं, साधारण १५० रेणू. आणि निवडुंग, घायपात, हल्ली ज्याची लागवड वाढलीय ते ड्रॅगन फ्रूट, हे दार दिवसा बंदच ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात, रात्री घेतलेला वायू आम्लात साठवून दिवसा उजेडात वापरतात. यांचं काम साधारण ५० रेणूंत. मग कोण विचारेल, ऊस पण ज्वारीच्याच गटातला आहे तर तो एवढं पाणी का पितो? कारण ऊस वर्षभर उभा, पानांचा पसारा प्रचंड, आणि कडक उन्हाळाही रानातच काढतो. ज्वारी थंडीत वाढते आणि उन्हाळा लागायच्या आत घरी येते. दार सारखं असलं तरी ते किती दिवस आणि कुठल्या हवेत उघडं राहतं याचा हिशोब आहे, आणि कमी पावसाच्या जिल्ह्यानं हा हिशोब मनावर घ्यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

कण्हेरीचं पान जवळून बघा कधी, हायवेच्या मधोमध लावतात ती. तिची छिद्रं पानाच्या खालच्या बाजूला खड्ड्यांत लपलेली असतात आणि खड्ड्यात केस, म्हणजे वारा थेट छिद्राला लागतच नाही. कमळाचं उलटं, पान पाण्यावर तरंगतं म्हणून छिद्रं वरच्या बाजूला.

उघड्या दारातून चोरही येतो. डाळिंबाचा तेल्या, ज्यानं आपल्याकडच्या कितीतरी बागा उपटायला लावल्या, तो जिवाणूचा रोग आहे आणि हा जिवाणू पानाची कातडी फोडून नाही येत, त्याला ती ताकद नाही, तो पर्णरंध्रांतून आणि जखमांतून आत शिरतो. म्हणून पावसाळी दमट हवेत तो भडकतो, कारण तेव्हा दारं उघडी असतात, पानावर पाणी साचलेलं असतं आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू या झाडावरून त्या झाडावर जातो. छाटणीची कात्री निर्जंतुक करा, छाटल्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारा असं का सांगतात ते यावरून कळेल, जखम म्हणजे दार नसलेलं छिद्र. आणि झाड अगदी गप्प बसत नाही बरं का. २००६ साली प्रयोगातून दिसलं की काही झाडं जिवाणू ओळखून पर्णरंध्रं मुद्दाम बंद करतात, आणि काही जिवाणू असं विष सोडतात की ती परत उघडतात. ते प्रयोग डाळिंबावरचे नव्हते, पण पानाच्या दाराशी केवढी लढाई चालते ते त्यातून कळतं.

आता आपल्या अंगावर येऊ. माणसाच्या कातडीत २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात, प्रत्येकीचं तोंड म्हणजे एक छिद्र. एक लिटर घाम उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो उडाला पाहिजे, नुसता ओघळला तर उपयोग नाही. म्हणून सोलापूरचे ४२ डिग्री कोरडे असतात तोवर शरीर तग धरतं, घाम आल्याआल्या वाळतो, कपड्यावर पांढरं मीठ राहतं, तर कोकणात ३४ डिग्रीतही जीव नकोसा होतो. यात एक धोका आहे, घाम दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं पाणी गेलंच नाही, आणि रानात किंवा बांधकामावर काम करणारा माणूस पाणी प्यायचं विसरतो. लहान बाळांना उन्हाळ्यात घामोळं येतं ते घामाच्या नळीचं तोंड बंद झाल्यामुळं, घाम आत साठून कातडीत फुटतो. त्यावर पावडरचा थर देऊन छिद्रं अजून बुजवू नका, सैल सुती कपडे आणि वारा.

चेहऱ्याच्या बाबतीत वाफ घेतली की पोअर्स उघडतात आणि गार पाण्यानं बंद होतात असं सर्रास सांगतात. ते तसं नाही. चेहऱ्यावरची ती छिद्रं केसाच्या मुळाची आणि तेलग्रंथीची तोंडं आहेत, त्यांना उघडझाप करणारा स्नायू नाही, दार नाही. वाफेनं आत साठलेलं तेल मऊ होतं आणि साफ करायला सोपं जातं, एवढंच. महागड्या क्रीमनी छिद्र कायमचं लहान होत नाही.

जनावरांत बघा. म्हशीला गाईच्या मानानं घामाच्या ग्रंथी बऱ्याच कमी आणि रंग काळा. पंढरपुरी म्हैस आपल्या हवेला सरावलेली आहे तरी मे महिन्यात तिला डुंबायला पाणी किंवा अंगावर बादल्या लागतातच. खिल्लार बैल मात्र भर उन्हात औत ओढतो, पांढरा रंग आणि घाम काढणारी कातडी. किड्यांना तर नाकच नाही, अंगाच्या दोन्ही बाजूंना ओळीनं छिद्रं असतात आणि तिथून हवेच्या नळ्या थेट पेशींपर्यंत जातात. मोठी अळी उचलून बघितली तर बाजूला ठिपके दिसतात ती तीच. त्यांनाही दारं असतात, पाणी वाचवायला ती बराच वेळ बंद ठेवतात.

वांग्याच्या फुलाचं थोडक्यात सांगतो कारण फार लोकांना माहीत नसतं. त्याच्या पिवळ्या परागकोशाच्या टोकाला फक्त बारीक भोक असतं, पराग आत बंद. काळा मोठा भुंगा येतो, फूल धरून एका ठरावीक सुरात अंग थरथरवतो आणि पराग त्या भोकातून उडून बाहेर पडतो. मधमाशीला हे जमत नाही. फुलं लागल्यावर भुंगे मारणारी फवारणी करून मग फळधारणा कमी झाली म्हणून टॉनिक मारणं, हे थांबवायला हवं.

अंडंसुद्धा. कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर हजारो छिद्रं असतात, साधारण दहा हजारांच्या आसपास, त्यातून पिलाला ऑक्सिजन मिळतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. म्हणून जुनं अंडं पाण्यात तरंगतं, पाणी उडून त्या जागी हवा आलेली असते. उबवताना पक्ष्यांच्या अंड्याचं साधारण १५ टक्के वजन असं कमी व्हावंच लागतं, त्याहून फार कमी किंवा फार जास्त झालं तर पिलू बाहेर येत नाही. आता सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाचा विचार करा, माळढोक पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर बहुतेक एकच अंडं घालते, घरटं नाही, झाडाची सावली नाही. त्या एका अंड्याच्या छिद्रांतून किती पाणी जाईल हे ती कुठं बसते, किती वेळ बसते आणि तिला कुणी उठवतं का यावर ठरतं. माळावर गाड्या घालू नका, कुत्री सोडू नका असं वनखात्याची माणसं सांगतात त्यामागं हे एक कारण आहे.

पानाची छिद्रं स्वतः बघायची असतील तर फार काही लागत नाही. पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगाच्या नेलपॉलिशचा पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटं पूर्ण वाळू द्या, वर पारदर्शक सेलोटेप दाबून हळूच ओढा, थर टेपबरोबर सुटून येतो आणि त्यावर पानाच्या कातडीचा ठसा उमटलेला असतो. टेप काचपट्टीवर चिकटवून शाळेच्या साध्या मायक्रोस्कोपखाली धरा, शंभरपट मोठं दिसलं तरी पुरे. जास्वंद किंवा डाळिंबाच्या पानावर छिद्रं विखुरलेली दिसतील, ज्वारीच्या पानावर सरळ ओळींत. एकाच झाडाची दोन पानं घ्या, एक सकाळी आठला आणि एक दुपारी दोनला, नेलपॉलिश झाडावरच लावा, पान तोडून आणलं तर घरी येईपर्यंत ते दारं लावून घेतं.